दक्षिणेचा खोका

गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, गेलो आणि उन्हात पाण्याखाली काही चमकलं, की ती घटना आजही आठवते आणि मी पुढे टाकलेला पाय नकळत मागे घेतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा साधा चोरीचा गुन्हा मात्र जसाच्या तसा लक्षात राहिला. त्यात रक्त सांडलं ते एका माणसाच्या पायाचं, तेही थोडंसंच.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. गंगापूर रोडला आमच्या हद्दीत एका इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या वस्तूंचा एक संग्रह होता. शहरातल्या घराण्यांचे, पेढ्यांचे, तालमींचे, भजनी मंडळांचे कागद आणि फोटो तिथे जमा करून ठेवत. चिटणीस म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. माणूस सज्जन, पण नियमांचा इतका पक्का की आमच्या खात्यात शोभला असता. आत मोबाईल न्यायचा नाही, पेन न्यायचं नाही, खोकल्याची उबळ आली तर बाहेर जायचं.

या प्राध्यापकांना एके सकाळी जवळजवळ ओढतच एक बाई ठाण्यात घेऊन आल्या. साठी ओलांडलेल्या, नाशिक रोडला राहणाऱ्या. पुढे सगळं ठाणं त्यांना मावशी म्हणू लागलं, म्हणून मीही तसंच म्हणतो.

"सांगा साहेबांना काय गेलंय ते," मावशी म्हणाल्या.

प्राध्यापकांनी सांगितलं ते असं. गावातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा संग्रहाला दान मिळाल्या होत्या. त्यातला संस्थांचा खोका, म्हणजे तालमी, व्यायामशाळा, मंडळं यांच्या फोटोंचा, जागेवरून नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत होतं. विश्वस्तांचं म्हणणं, बोभाटा नको, बाहेर कळलं तर पुढे कोण आपल्याला काही देईल?

"विश्वस्तांचं जाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "त्यात माझा भाऊ आहे."

त्यांच्या भावाला एकोणिसाव्या वर्षी विषमज्वर झाला आणि तो गेला. मावशी तेव्हा दुसरी-तिसरीत असतील. घरात आजार म्हणून त्यांना हरसूलला मामाकडे पाठवलं होतं. तेरावा उरकल्यावरच परत आणलं. आईनं दुःखाच्या भरात त्याचे कपडे, पुस्तकं, होता तो एकुलता एक फोटो, सगळं गंगेत सोडून दिलं होतं. हळूहळू मावशींना भावाचा चेहराच आठवेनासा झाला. मग इतक्या वर्षांनी या संग्रहाबद्दल कुणाकडून तरी कळलं आणि त्या तिथे गेल्या. प्राध्यापकांनी भाऊ जायचा त्या व्यायामशाळेची प्लेट खिडकीकडे धरली. मल्लखांबाभोवती पोरं उभी होती आणि मल्लखांबाच्या टोकावर हात पसरून भाऊ.

"निगेटिव्ह ना, चेहरा काळा आणि केस पांढरे," मावशी म्हणाल्या. "तरी ओळखला मी. म्हटलं, सर, एक प्रत काढून द्या. तर म्हणाले, आधी यादी पूर्ण होऊ द्या, मग प्रत. दर महिन्याला जाते मी. दर महिन्याला यादीच चाललेली."

प्राध्यापक टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मी अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा नोंदवून घेतला.

अशा काचांवर चांदीचा अंश असतो असं प्राध्यापकांनीच सांगितलं, म्हणून आम्ही भंगारवाल्यांपासून सुरुवात केली. जुने एक्स-रे गोळा करून चांदी काढणारे लोक असतात, त्यांना बोलावलं. त्यातला एक म्हणाला, "साहेब, एवढ्या काचेतून जेवढी चांदी निघंल तेवढी सराफाच्या दुकानातल्या केरात सापडती." संग्रहाच्या शिपायाला दोनदा चौकशीला बसवलं. प्राध्यापकांचा त्याच्यावर दाट संशय होता. माझा नव्हता. चोरी केलेला माणूस साहेबाच्या टेबलावरचा चहा पूर्ण पीत नाही, असा माझा अनुभव आहे. यानं चहा संपवून बशीतलाही प्यायला.

मावशी रोज यायच्या. नाशिक रोडहून बस पकडून यायच्या आणि ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायच्या. विचारायच्या काही नाहीत. मी आत जाताना मान वर करायच्या आणि माझा चेहरा पाहून परत खाली घालायच्या. मोठमोठ्यांच्या फोनचा मला कधी असा त्रास झाला नाही.

सगळ्या ठाण्यांना आणि चौक्यांना मी काचांचं वर्णन कळवून ठेवलं होतं. त्याचा उपयोग झाला. गंगेवरच्या चौकीतून हवालदाराचा फोन आला, "साहेब, एक जण आलाय. काय म्हणतोय ते तुम्हीच ऐका."

कुंडात उतरून भाविकांनी टाकलेली नाणी शोधणारा तो माणूस होता. तळपायाला फडकं गुंडाळलेलं.

"साहेब, मुडदा नाय सापडला," तो म्हणाला. "पण माणसं हायेत पाण्यात. काचेत हायेत."

त्यानं पोत्यात गुंडाळून आणलेली काच मी उजेडात धरली. मल्लखांब दिसला. खाली उभी असलेली पोरं दिसली. वरचा कोपरा तुटलेला होता. टोकावर जो उभा होता तो त्या कोपऱ्यात होता.

"वरचा तुकडा कुठाय?"

"तोच घुसला ना पायात. दुसऱ्या कुणाला लागाया नको म्हणून लांब धारेत भिरकावला." माझा चेहरा बघून तो गडबडला. "काय चुकलं का साहेब?"

मी म्हटलं, काही नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाक.

पुढचं त्यानं सांगितलं आणि तपासाची दिशाच बदलली. काचा नुसत्या पडलेल्या नव्हत्या. कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधून सोडल्या होत्या, आत तुळशीची पानं आणि काळे तीळ होते. गाठ पाण्यानं सुटली तशा त्या पसरल्या. कुठलाही चोर मालाबरोबर तीळ बांधत नाही. माझ्या वडिलांच्या अस्थी मी त्याच काठावर सोडल्या होत्या. हे विसर्जन होतं.

काठावरच्या गुरुजींकडे विचारपूस केली. दुसऱ्याच गुरुजींनी मान डोलावली. "सर्वपित्रीला आले होते, गर्दीत. मी नाव-गोत्र विचारलं, तर म्हणाले, नावं माहीत नाहीत, पुष्कळ जण आहेत. मग मी सगळ्यांसाठी मिळून तिलांजली द्यायला लावली."

"ओळखता त्यांना?"

"म्हणजे काय? माझ्या मुंजीचा फोटो त्यांनीच काढलाय."

स्टुडिओवाले काका. ज्यांनी या काचा दान केल्या होत्या तेच. ऐंशीच्या घरातले, वडिलांचा स्टुडिओ पुढे आयुष्यभर चालवलेले. मी घरी माणूस पाठवायच्या आधीच गुरुजींकडून कळून ते ठाण्यात हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. चौकशीसाठी मी मनात जुळवलेले प्रश्न तसेच राहिले.

"हो, मी नेलं," ते म्हणाले. "भर दुपारी. शिपाई चहाला गेला होता, सर वरच्या मजल्यावर विश्वस्तांबरोबर होते. रिक्षा उभीच होती."

"दानपत्रावर सही केलीत ना काका? मग ती चोरी होते."

"ते माझं नव्हतं, कबूल. पण साहेब, ते सरांचंही नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी फोटो काढणं ही मोठी गोष्ट. पुष्कळ माणसं जिवंतपणी कधी स्टुडिओत जायचीच नाहीत. घरात कुणी गेलं की लोक धावत यायचे, उचलायच्या आधी एक फोटो काढा. त्यांचे वडील जायचे. मृताला खुर्चीत बसवून, मागून कुणीतरी आधार देऊन फोटो घ्यायचे. या कामाची स्टुडिओत एक रीत होती. घरच्यांना प्रत दिली की काच गंगेत सोडायची. तोवर ती वेगळ्या खोक्यात, दक्षिणेच्या भिंतीला, सगळ्यात खाली. आणि तो खोका उघडून बघायचा नाही. वडील आजारी पडले तसं विसर्जन राहिलं. स्टुडिओची जागा गेली तेव्हा सगळा माल घाईनं टेम्पोत भरून संग्रहात आला, त्यात हाही खोका. काकांनी प्राध्यापकांना बजावलं होतं, हा दक्षिणेला खाली ठेवा, मी येऊन नेईन. प्राध्यापकांनी तसा ठेवलाही.

"मग सर म्हणाले, या अखेरच्या फोटोंचं प्रदर्शन मांडू. लोकांना फार कुतूहल असतं. मी हात जोडले. ते म्हणाले, काका, हा आता शहराचा ठेवा आहे." काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या वडिलांनी शब्द दिला होता त्या घरांना. तो मोडून मी वर काय तोंड दाखवू?"

मी माझ्या कपाटातली तुटकी प्लेट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड फिरवलं.

"बघा काका."

"बघायची नसते."

"ही बघा."

त्यांनी ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काच हळूच टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"साहेब, ही पोरं तर उभी आहेत. ही जिवंत आहेत."

प्राध्यापकांनी सगळ्या प्लेटा नव्या खोक्यांत भरून विषयवार लावल्या होत्या. संस्थांचा खोका दक्षिणेच्या भिंतीला खाली आला आणि अखेरच्या फोटोंचा लोखंडी कपाटात गेला. हे काकांना सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. काकांनी जागा बघून खोका उचलला आणि रीत पाळली, उघडून बघितला नाही. कापडात बांधायच्या वेळी डोळे मिटून काचा हातानं चाचपत बांधल्या, असं ते म्हणाले. गावातल्या तालमी, मंडळं, हसणारी पोरं या सभ्य माणसानं अंत्यविधी करून बुडवली.

नाणी शोधणाऱ्यांना घेऊन आम्ही कुंड धुंडाळलं. त्यातच धरणातून पाणी सोडलेलं. ज्या काचा मिळाल्या त्यांच्यावरचा चित्राचा थर सायीसारखा बोटाला लागत होता. बोट काढलं की खाली कोरी काच. आमच्या भाषेत मुद्देमाल हस्तगत झाला होता.

मावशींना सांगायचं काम मी कुणावर ढकललं नाही. केबिनमध्ये त्या, काका आणि प्राध्यापक, तिघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. मावशी ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याच्या वर होता ना तो?"

काका त्यांच्याकडे एकटक बघत होते. "तुमचे वडील प्रेसमध्ये होते का? नदीकडच्या गल्लीत राहायचे?"

मावशींनी होकारार्थी मान हलवली.

"मग त्याची आणखी एक काच आहे. कपाटातल्या खोक्यात. तुमच्या आईनं बोलावलं होतं आम्हाला. मीच मागं बसून त्याला धरलं होतं." त्यांनी दोन्ही हात तसेच धरून दाखवले. "फार हलका झाला होता पोरगा."

प्राध्यापक उठले. कुणाला काही न विचारता गेले आणि कडेला 'प्रेस' लिहिलेली ती प्लेट घेऊन आले. कुठे सही मागितली नाही. मावशींच्या हातात देताना म्हणाले, "ताई, आजच प्रत काढून देतो." ही तत्परता आधी दाखवली असती तर, हे मी बोललो नाही. त्यांचा चेहराच ते सांगत होता.

काकांनी सवयीनं हात आडवा केला. मग स्वतःच मागे घेतला.

मावशी खिडकीशी गेल्या. काच उन्हाकडे धरून उभ्या राहिल्या. आम्ही तिघं पुरुष जमिनीकडे बघत होतो.

"काळा चेहरा, पांढरे केस," त्या म्हणाल्या. "तसाच आहे हो. डोळे मिटलेत की उघडे, यात कळतच नाही."

प्राध्यापकांनी पुन्हा प्रतीचं विचारलं.

"नको सर. छापलात की मेलेला दिसेल. असाच राहू द्या."

काकांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला आणि काच त्यात बांधून दिली.

न्यायालयात मी 'क' समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे गुन्हा गैरसमजातून घडला, खटला चालवण्याजोगा नाही. तो मंजूर झाला. नोकरीभर मी एक हिशेब धरून चाललो होतो की नुकसान झालं म्हणजे कुणीतरी वाईट वागलेलं असणार, त्याला शोधला की आपलं काम झालं. इथे प्रत्येकानं आपापल्या परीनं नीटच वागायचं पाहिलं. एकानं यादी नीट केली, एकानं रीत नीट पाळली, एकानं दुसऱ्याचा पाय कापू नये म्हणून काच लांब फेकली. आणि एका बहिणीचा हसता भाऊ गेला. मला याची अजून हळहळ वाटते. आता कुणी जुने फोटो जमवतो म्हणालं, की मी एवढंच सांगतो, आधी ज्याचं माणूस आहे त्याला प्रत द्या, यादी नंतर करा.

मावशी गेल्याचं मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं. आवरताना साडीच्या घडीत रुमालात बांधलेली एक काच सापडली होती, वर माझं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. "काका, हे काय आहे? टाकून देऊ का?" ती विचारत होती.

मी तिला गंगेवर बोलावलं. स्टुडिओवाले काका तोवर राहिले नव्हते, म्हणून तीळ आणि तुळस मीच नेली. सुनेनं रुमालाची गाठ सोडायला घेतली तेव्हा मी तिचा हात धरला.

"बघायची नसते," मी म्हणालो. "पण खोका बरोबर आहे, एवढं मला ठाऊक आहे."