सासूबाईंच्या अंगणातला पाऊस

जावईबापूंनी गाडी धुतली, इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. गाडी नवीकोरी, रस्ता कच्चा. सासरी पोचेपर्यंत तिचा मूळ रंग कोणता हे मालकालाही सांगता आलं नसतं. त्यांनी विहिरीवरचा पंप सुरू केला, पाइप ओढत आणला आणि गाडी लख्ख केली. मग त्यांची नजर अंगणाच्या कोपऱ्यात, जाळीच्या कुंपणात उभ्या असलेल्या यंत्रावर गेली. तेही धुळीनं माखलेलं. शेतावरून आल्यावर सासूबाई खूश होतील, या भाबड्या हिशेबानं त्यांनी यंत्रालाही नखशिखांत आंघोळ घातली.

ते यंत्र अख्ख्या गावाचा पाऊस मोजत होतं.

पावसानं तर ऐन हंगामात दडी मारली होती. गुडघाभर वाढलेला मका माना टाकून उभा होता. सलग तीन आठवडे पाऊस झाला नाही, तर विमा उतरवलेल्या सगळ्यांना भरपाई मिळणार होती. म्हणजे दुसऱ्या पेरणीचं बियाणं. ते तीन आठवडे दुसऱ्या दिवशी भरत होते. आणि नेमकं त्याच दुपारी, आभाळात औषधाला ढग नसताना, त्या एका अंगणात धो धो पाऊस पडल्याची खबर यंत्रानं परस्पर विमा कंपनीला कळवून टाकली.

सासूबाई आल्या. त्यांनी ठिबकणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, शेवटी जावयाकडे पाहिलं.

"कुणी धुतलं?"

"मीच. कसं चकचकीत झालंय बघा, आई."

सासूबाई पायरीवर बसल्या. भरदिवसा त्यांना रिकामं बसलेलं जावईबापूंनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं, आणि आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय हे त्यांना तेवढ्यानंच कळलं.

गाव या बाईंना वेधशाळा म्हणतं. विम्याची टूम निघाली तेव्हा यंत्र आपल्या दारात नको म्हणून जो तो पाय मागे घेत होता. "माझ्याकडे लावा, कोंबड्यांना सोबत होईल," म्हणून त्यांनी ते मागून घेतलं. तेव्हापासून यंत्राच्या कुंपणावर कुणी ओला रुमालसुद्धा टाकायचा नाही. विमाही घरोघरी फिरून त्यांनीच उतरवायला लावला. पहिल्या वर्षी छान पाऊस झाला, तर शेजारचा सुतार हप्ता परत मागायला आला. "पीक आलं म्हणून भांडायला आलास?" एवढंच विचारून त्यांनी त्याला चहा पाजला. असा एकेकाला दिलेला शब्द आता जावयाच्या पाइपानं वाहून चालला होता.

"घरी कधी कप विसळला नाहीत," लेक नवऱ्याला म्हणाली, "आणि इथे येऊन यंत्र विसळलंत?"

सासूबाईंनी कंपनीला फोन करून घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. दोन दिवसांनी कंपनीचा साहेब आला. अंगणाच्या भिंतीवर गाव येऊन बसलं, जागा कमी पडली तेव्हा सुतारानं बाकं आणली.

"उन्हातही सर येते, बाई," साहेब म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणून मी पाऊस कसा पुसू?"

"पुसू नका. पडताना बघा." सासूबाई जावयाकडे वळल्या. "धुवा."

"म्हणजे, पुन्हा?"

"त्या दिवशी धुतलं तस्संच."

जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. यंत्रावर पाण्याची धार धरली. "मानेमागे चोळा," भिंतीवरून सूचना आली. साहेब हातातल्या पडद्यावर त्या दिवशीची आणि आजची रेघ शेजारी शेजारी ठेवून पाहत होता. त्यानं मान हलवली.

"जुळत नाही. त्या दिवशी मध्येच पाऊस चांगला पाच मिनिटं थांबला होता. आज एकसारखा पडतोय."

भिंतीवरच्या साऱ्या माना जावईबापूंकडे वळल्या. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो पाऊस का थांबला होता, ते जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि जगाला कळावं असं ते नव्हतंच. त्यांनी चोरून पायरीकडे पाहिलं. सासूबाई पुन्हा तिथे बसल्या होत्या, तशाच, रिकाम्या हातांनी.

"मध्ये मी केस विंचरले," जावईबापू म्हणाले. "गाडीच्या आरशात."

"पाच मिनिटं?" बायको म्हणाली. "कुठले?"

सुताराला ठसका लागला, तो पाठीत बुक्के मारूनही थांबेना. साहेबानं मात्र गंभीरपणे पुन्हा धुवायला सांगितलं. जावईबापूंनी धार धरली, पाइप खाली ठेवला, खिशातून कंगवा काढला आणि साऱ्या गावासमोर, डावीकडच्या मोजक्या केसांना समजावत समजावत उजवीकडे नेऊन पोचवलं. मग परत धार धरली. साहेबानं पडदा सगळ्यांकडे फिरवला. दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. विंचरण्याची खोबणसुद्धा तेवढीच रुंद.

"हा पाऊस मी खोडला," साहेब डोळे पुसत म्हणाला.

भिंतीवरून टाळ्या पडल्या. सासूबाई उठल्या, जावयाच्या हातातला पाइप काढून घेतला, त्याचं नीट वेटोळं केलं आणि घरात नेऊन कुलपात ठेवला.

भरपाई आली, बियाणं आलं, सुतारानं तर पुढच्या वर्षीचा विमा उतरवायची घाई सुरू केली. निरोपाच्या वेळी सासूबाईंनी स्वतः डिकीत लोणच्याची बरणी ठेवली. जावईबापूंना धीर आला.

"आई, पुढच्या वेळी आलो की गाडी कुठे लावू?"

"तुमच्या घरी लावा, आणि बसनं या."