सासवांना बाहेर बसवणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टर कुणाच्याही सासूला एका दमात उठवायच्या. "अहो, दिवस सुनेला गेलेत ना? मग आपण बाहेर बसा. बाकडं रिकामंच आहे." आवाज न चढवता एवढा अपमान करणारं दुसरं माणूस अख्ख्या कोथरूडात नसेल. माझ्या सासूबाई पहिल्याच मंगळवारी गार पडल्या. मला मनातून गुदगुल्या झाल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दर मंगळवारी तपासणीला दवाखान्याच्या एका खोलीत आम्ही आठ गर्भार पोरी, सगळ्या अठरा-एकोणिसाच्या, सतरंजीवर गोल करून बसायचो. शेजारणीचा रक्तदाब शेजारणीनं मशीनवर मोजायचा, आकडा मोठ्यांदा सांगून कार्डावर लिहायचा. "मी जन्मभर पुरणार आहे का तुम्हाला?" म्हणत सिस्टर खुशाल चहा पीत बसायच्या. कुणी प्रश्न विचारला नाही, तर म्हणायच्या, "सगळं येतं वाटतं? मग मी जाते घरी." आम्हाला वाटायचं, काय आळशी बाई आहे!

आठव्या महिन्यात गावी, लोणी काळभोरला, माझं डोहाळजेवण ठरलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळी तयारी झाली. नेमका त्याच मंगळवारी माझा रक्तदाब भलताच वर गेला. मी शेजारच्या शबानाच्या कानात म्हटलं, "एकशे वीस सांग ना, प्लीज यार. नाहीतर जाऊ देणार नाहीत." तिनं बिचारीनं तसंच सांगितलं आणि लिहिलंही.

"शबाना, मशीन इकडे आहे. तू हिच्या तोंडाकडे बघून काय वाचलंस?" सिस्टर उठल्या. स्वतः दोनदा मोजलं आणि सासूबाईंना चक्क आत बोलावलं. "हिला आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायचंय."

"अवो, शंभर मान्सांना आवतान दिलंय. आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, सिस्टर खडूस आहे."

आणि त्या माझ्यासोबत रिक्षात बसल्या. दुसऱ्या दिवशी मला मुलगी झाली, मूठभर, पण खणखणीत रडणारी. आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाला लेकीला घेऊन गेले. इतकी वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बोलले, "सिस्टर, तेव्हा माझं फार चुकलं."

"एकोणीस वर्षांची होतीस. चुकणारच," त्या लेकीचं नाक पुसत म्हणाल्या. "त्यासाठीच तर मी तिथे बसायचे."