सात पानं आणि माझ्या पाच ओळी

माझे मोठे साडभाऊ ज्याच्यावर चिडलेले नाहीत असा माणूस छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात शिल्लक राहिलेला नाही, म्हणून गेली काही वर्षं ते इंग्लंडातल्या मेलेल्या माणसांवर चिडतात. ही मेलेली माणसं म्हणजे दोन सख्खे भाऊ. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी तिकडच्या एका लहानशा गावात मोटारगाड्यांचा कारखाना काढला, थोडी वर्षं चालवला आणि आपसात भांडून बुडवला. त्या कारखान्याची एक गाडी साडभाऊंच्या भिलाई-३ मधल्या घरामागे, पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. मी ते कसंही लिहिलं तरी साडभाऊंच्या मते ते चूकच असतं, आणि या गाडीच्या बाबतीत एक मोठी चूक मी आधीच करून बसलो आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. साडभाऊ सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लेथवर उभे राहिले आणि रिटायर झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. गाडीचे जे भाग जगात कुठे मिळत नाहीत ते स्वतः बनवले, आणि त्या काळात खुर्सीपारच्या प्रत्येक वर्कशॉपवाल्याशी एकदा तरी भांडले. कोणी गाडीला 'डब्बा' म्हटलं की चिडतात, 'विंटेज' म्हटलं की जास्त चिडतात. "विंटेज काय जी? चालून राहिली ना? मंग गाडी म्हणा." पाहुणा आला की चहाच्या आधी कंपनीचा इतिहास येतो. एकदा बाईंच्या माहेरकडचा एक माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. तासभर इतिहास ऐकून तो इतका गांगरला की पत्रिका न देताच निघून गेला, आणि लग्नाला बोलावलं नाही म्हणून साडभाऊ त्याच्यावर आजही चिडलेले आहेत.

तो इतिहास ते सांगतात तो असा, जणू गेल्या रविवारी समाजाच्या बैठकीत घडला आहे. थोरला भाऊ छत्रीच्या काड्या बनवायचा, धाकटा सायकली. धाकट्याचं डोकं चांगलं, पण तोंड बंद. "धाकट्याले पुढच्या चाकालेही ब्रेक पाहिजे होते. थोरला म्हणे नको. अन् हा गप बसला. कावून गप बसला? कारखान्यात अर्धा वाटा होता त्याचा." असं म्हणत ते टेबलावर अशी थाप मारतात की बाई आतून कप उचलायला येतात. पण त्यांचा खरा राग वेगळाच आहे. कंपनीच्या पहिल्या गाडीचा एक जुना फोटो आहे. दोघे भाऊ खुर्च्यांवर बसलेत, मध्ये गाडी, आणि अगदी कडेला चामड्याचा एप्रन घातलेला एक माणूस, फोटोच्या काठानं अर्धा कापलेला. साडभाऊंचं म्हणणं की पहिलं इंजिन त्या माणसानं ठोकून बनवलं, तो गावातला लोहार होता, आणि कंपनीच्या एकाही कागदात त्याचं नाव नाही. त्यांनी इंग्लंडातल्या या गाड्यांच्या मालकांच्या मंडळाला भाच्याकडून इंग्रजीत पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं, आपण दाखवलेल्या इंटरेस्टबद्दल आभारी आहोत. आठवडाभर घरात कोणाला जेवण गोड लागलं नाही. "इंटरेस्ट म्हणे. मी काय पोस्टातली ठेव आहे का?"

गाडीचे मालकही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. पहिला मालक रेल्वेचा गोरा साहेब, त्यानं काळी गाडी हिरवी रंगवली म्हणून तो मूर्ख. दुसरा भंडाऱ्याकडचा जमीनदार. तिसरा दुर्गचा राइस मिलवाला, त्यानं गाडीत कोंड्याची पोती भरली म्हणून त्याला नरकातही जागा मिळू नये. जमीनदाराबद्दल मात्र ते कधी बोलत नसत. त्याचं नाव आलं की पुढच्या मालकावर उडी मारत. मी इतकी वर्षं ऐकत होतो, पण मला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात रायपूरच्या हौशी लोकांनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भिलाईत भरवायचं ठरवलं. फॉर्म आला, त्यात 'गाडी का इतिहास' यासाठी पाच ओळींची जागा होती. एका रविवारी साडभाऊ दुर्गच्या बोरसीत माझ्या घरी आले आणि पेन्सिलीनं मराठीत लिहिलेली सात पानं माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही सारी उमर ऑफिसात टिपणं काढली. हे हिंदीत बसवा. पण काही सोडू नका." मी हो म्हटलं. पाच ओळींत सात पानं काहीही न सोडता कशी बसतील, हे आम्हा दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

ते गेल्यावर मी वाचायला बसलो. पहिली तीन पानं मला तोंडपाठ होती. चौथ्या पानावर त्यांचा आजा निघाला. आजा त्या जमीनदाराकडे ही गाडी धुवायचा. रोज सकाळी विहिरीबाहेर ठेवलेलं पाणी घेऊन तो गाडी पुसून लखलखीत करी, आणि मग वाड्यातला दुसरा गडी येऊन तिच्यावर एक घागर पाणी ओती, म्हणजे आज्याचा विटाळ जाऊन मालक बसायला मोकळा. आजा त्या गाडीत कधी बसला नाही. नाल्यात अडकली की ढकलायला मात्र तोच. त्याला वाचता येत नव्हतं, पण नंबराच्या पाटीवरची अक्षरं पुसून पुसून तो त्यांचे आकार शिकला होता. ते त्यानं मातीत बोटानं काढून मुलाला दाखवले, मुलानं साडभाऊंना. म्हणून रिटायर झाल्याच्या वर्षी राइस मिलच्या आवारात पोत्यांखाली ती पाटी दिसली तेव्हा साडभाऊ तिथेच खाली बसले होते. हे त्यांनी बाईंखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहून मला दिलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला संकोच वाटला. रायपूरचे डॉक्टर, मिलवाले, माजी राजघराण्यांचे लोक येणार, त्यांच्यासमोर विटाळ अन् घागर कशाला? आमची दोघांची घरं एकाच समाजाची. माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा, आणि बोरसीच्या माझ्या कॉलनीत हे एकालाही माहीत नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तेवढं पुरे, असं मी धरून चाललो होतो. मी सुंदर अक्षरात पाच ओळी लिहिल्या. रेल्वेचे इंग्रज अधिकारी, मग सुप्रसिद्ध जमीनदार घराणं, मग राइस मिल, आणि शेवटी, 'अब भिलाई में सुरक्षित है।' फॉर्म पाठवून दिला.

प्रदर्शनाच्या सकाळी साडभाऊ नव्या शर्टात, बाई पांढऱ्या साडीत, आणि गाडी दोघांपेक्षा जास्त चकचकीत. गाडीसमोर एक छापील पाटी होती. 'जमींदार परिवार की शान', आणि खाली बारीक अक्षरात 'देखभाल', पुढे साडभाऊंचं नाव. मालक म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. साडभाऊंनी ती दोनदा वाचली. त्यांच्या आधी मीच भडकलो. तिथे एक कॉलेजातली मुलगी स्वयंसेवक होती, तिला मी हवं ते बोललो. गाडीचे कागद ज्याच्या नावावर आहेत त्याला तुम्ही नोकर करता, कोणी दिला तुम्हाला हा अधिकार, वगैरे. ती रडायच्या बेताला आली. "अंकल, जो हिस्ट्री आप लोगों ने भेजी थी, उसी से बनाया है," म्हणाली आणि फाइलमधून फॉर्म काढून साडभाऊंच्या हातात दिला. मालकाचं नाव वरच्या रकान्यात होतं, ते त्यांनी देखभालीत ढकललं, ही चूक त्यांची. पण खालच्या पाच ओळी माझ्या होत्या. साडभाऊंनी त्या वाचल्या, फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

इतक्यात आयोजक एका साठीच्या गृहस्थाला घेऊन आले. जमीनदाराचे नातू. गळ्यात सत्काराची शाल. फोटोसाठी त्यांनी गाडीच्या दाराला हात लावला.

"हात काढा," साडभाऊ म्हणाले.

मग ते ओरडले. सगळं ओरडून सांगितलं, मराठीत, चौथं पान अक्षरशः जसंच्या तसं. आजूबाजूच्या रायपूरवाल्यांना अर्धं कळलं, अर्धं नाही. कोणी मोबाइल वर धरले. आयोजक "भाईसाहब, भाईसाहब" करत राहिले. पण नातू भंडाऱ्याकडचे, त्यांना शब्दन् शब्द कळत होता. त्यांचा हात केव्हाच खाली आला होता. साडभाऊ थांबले तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं."

साडभाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

"यायले माहीत होतं."

एवढं बोलून त्यांनी हँडल मारलं, बाईंना शेजारी बसवलं आणि रांगेतून गाडी काढून घरी नेली. मी ऑटोनं परतलो. वाटेत मी त्या मुलीवर चिडलो, आयोजकांवर, जमीनदारावर, त्या घागरवाल्या गड्यावर, आणि बोरसीच्या चौकात उतरेपर्यंत चिडायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

चार महिने साडभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. जो माणूस चहात साखर कमी पडली तर फोन करून चिडतो, त्यानं माझ्यावर चिडायचंही सोडून दिलं. बायको म्हणाली, जाऊन माफी मागा. दोनदा गेलो. ते शेडमध्ये गाडीखाली पडून राहिले आणि बाईंनी मला पोहे दिले.

मग एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, ते स्वतः आले. हातात जाडजूड कोरं रजिस्टर. 'जय भीम' म्हटलं, खुर्चीत बसले. "मोतीबिंदू झाला. मले दिसत नाही बरोबर. मी सांगतो, तुम्ही लिहा. अन् एक शब्द कमी केला तं पहा."

तेव्हापासून दर रविवारी मी भिलाई-३ ला जातो. ते सांगतात, मी लिहितो, मग मला वाचून दाखवावं लागतं, आणि कुठे काही गाळलेलं नसलं तरी ते एकदा चिडून घेतात. मला बरं वाटतं. दोघे भाऊ झाले, लोहार झाला, गोरा साहेब झाला. काल आजा आला. आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं त्यांनी सांगितलं. लिहिता लिहिता मी सहज विचारलं, "अन् आजीचं?"

त्यांनी भंडाऱ्याकडे तुमसरजवळच्या एका चुलत आत्याला फोन लावला. नव्वदीची म्हातारी, तिला ऐकू येत नाही, तरी ते ओरडले नाहीत, पुन्हा पुन्हा हळूच विचारत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "तिलेबी आठवत नाही. सारे 'अवो' च म्हणत."

मी पेन उचलून बसलो होतो.

"जागा सोडा," ते म्हणाले, "पुरी ओळ सोडा."