जुन्या रस्त्यावरचे हत्तीअप्पा

हत्तीअप्पांना चहा कधी जमला नाही, गाड्या थांबवणं मात्र छान जमायचं. भरधाव बस दिसली की खांद्यावरचा टॉवेल फडकावत ते रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरायचा आणि पाच मिनिटांत त्यांच्याच बाकड्यावर फुर्र करून चहा ओढत बसायचा. चहा म्हणजे नुसतं गुळमट पाणी. पण चहासाठी तिथं थांबत होतं कोण?

लोक थांबायचे हत्तीसाठी. कमलनगरहून भालकीकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, आपल्या हॉटेलाच्या पुढ्यात अप्पांनी स्वतःच्या हातांनी सिमेंटचा पांढराशुभ्र हत्ती उभा केला होता. सोंड अंमळ आखूडच. का, असं विचारलं की म्हणायचे, "सिमेंट सरलं, बाबा. हत्ती काय बोलला न्हाई." आजोळी जाताना त्याच्या पाठीवर बसल्याशिवाय आम्ही भावंडं पुढं हलत नसू.

बुद्धाच्या आईच्या, महामायेच्या स्वप्नात आला तोच हा हत्ती, असं अप्पा सांगायचे. बुद्धपौर्णिमेच्या आधी त्याला नवा चुना लागायचा. लग्नाच्या जीपा थांबल्या की बायका मात्र त्याच्या कपाळाला कुंकू लावून पाया पडायच्या. अप्पांची बायको, आमची अक्का, चिडायची. अप्पा हसत म्हणायचे, "लावू दे की. त्यानं हत्ती झिजायलाय व्हय? थांबली न्हवं माणसं?" माणूस थांबला की त्यांना बाकी काही नको असायचं.

मग नवा रस्ता झाला, शिवाराच्या पार पलीकडून. बस गेल्या, जीपाही गेल्या. मुलानं तिकडं ढाबा टाकला आणि मागं लागला, "चला की आता. किती दिस पोसायलाव हा पांढरा हत्ती?" अप्पा हलले नाहीत. "मी गेलो अन् मागून कुणी आलं तर?" एवढंच म्हणाले. रोज सकाळी चूल पेटवायची, बाकडी पुसायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचं, हा क्रम त्यांनी मोडला नाही. आठवडेच्या आठवडे कुणी येत नसे.

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. गाडी थांबलेली पाहून अप्पा इतक्या लगबगीनं उठले, की चप्पल पायात घालायची राहिली. टॉवेलानं हत्तीची पाठ पुसून त्यांनी तिला वर बसवलं. पोरगी जरा वेळात कंटाळली.

"अजून थोडं बस की, बाळा," अप्पा म्हणाले. "तुझा बाप तर उतरताना रडायचा."

दिवाळीनंतर अप्पा गेले. मातीला गेलो तर जुन्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग! जीपा, टेम्पो, मोटारी. म्हातारे झालेले ड्रायव्हर होते, पोरंबाळं घेऊन आलेली माणसं होती. जो तो आपण हत्तीवर बसल्याची आठवण सांगत होता.

अक्का दारात बसून होती. तिनं त्या रांगेवरून नजर फिरवली, मग आमच्याकडं पाहिलं.

"आज कामून थांबलाव रे सगळे?" ती म्हणाली. "चहा ठेवायला उठायचे न्हाईत ते आता."