भोंगामामांचं कृपादान

भोंगामामांना कुजबुजता येत नसे. जऊळका स्टेशनावर ते सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची आणि इंजिनाच्या धडधडाटात ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात त्यांच्या आवाजाची खालची पट्टी कुठेतरी गळून पडली आणि ती पुन्हा काही सापडली नाही. त्यांचं खरं नाव योहान. पण सगळी मंडळी त्यांना तोंडावरसुद्धा भोंगामामाच म्हणत, आणि मामा त्याला ओ देत. ती ओ मात्र ऐकणाऱ्याला सोसावी लागे.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मी वाशीमच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक होऊन आलो. वय सव्वीस, शिक्षण नगरकडचं, आणि आपण फार शुद्ध बोलतो असा पक्का समज. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर मामा माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "साहेब, कोनाले सांगू नोका, पन हे पेटीमास्तर दर गीत उशिरानं सुरू करते."

पेटीमास्तर बाहेर कडुलिंबाखाली चपला घालत होते. ते तिथूनच म्हणाले, "अन् तुमी दर गीत उशिरानं संपवता!"

मामा दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने जऊळक्याहून येत. गाडीला उशीर झाला की मामांनाही उशीर. दारातून आत येताना ते "सलाम, साहेब" म्हणत आणि माझी प्रार्थना जागच्या जागी थांबे. मग ते तितक्याच मोठ्यानं "चालू द्या, चालू द्या" म्हणत.

असेच एका रविवारी मी कृपादानांवर बोललो. पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही दान देतो. कुणाला शिकवण्याचं, कुणाला आजाऱ्यांना बरं करण्याचं, कुणाला सेवेचं. ते मंडळीच्या उपयोगासाठी असतं, म्हणून प्रत्येकानं आपलं दान शोधावं, असं मी कळकळीनं सांगितलं. बाकीची मंडळी नेहमीप्रमाणे ऐकून घरी जायच्या तयारीत होती. मामा मात्र उभे राहिले.

"मंग माहं कोनतं, साहेब?"

उपासनेत असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी गडबडलो आणि म्हणालो, "ते तुम्हांलाच शोधावं लागेल, मामा."

"शोधून राह्यलोच समजा," मामा म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी खरोखरच शोध सुरू केला. प्रथम ते गाणाऱ्यांत जाऊन बसले. दोन रविवार पेटीमास्तरांनी भाता जीव खाऊन हलवला. तिसऱ्या रविवारी त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि मला म्हणाले, "साहेब, एक तं मी वाजवतो, नाई तं हे गातात." पेटी वाजवणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून मामा उठले.

मग त्यांनी मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेतला. योनाची गोष्ट निवडली. माशानं योनाला गिळण्याची जागा आली तेव्हा मामांनी मासा करून दाखवला. दोन मुलं खिडकीतून बाहेर गेली, आणि एक मुलगी पुढे कितीतरी दिवस पाण्याच्या हौदाजवळ जाईना. तिची आई मला भेटायला आली. ती काही फार बोलली नाही, पण जे बोलली ते मामांना सांगण्याजोगं नव्हतं.

त्यानंतर मामांची खात्री पटली की आपलं दान आजाऱ्यांना बरं करण्याचं आहे. याला कारणही घडलं. कचेरीतला एक कारकून तीन दिवस तापानं अंथरुणाला खिळला होता. मामा गेले, उशाशी गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. आमेनपर्यंत पोचण्याआधीच तो माणूस उठला आणि चालत अंगणात गेला. मामा धावतपळत माझ्याकडे आले. "साहेब, चालाले लागला! मी सोता पाह्यलं!" मी कारकुनाकडे चौकशीला गेलो. तो घोंगडी पांघरून बाहेर ओट्यावर बसला होता. म्हणाला, "ताप तसाच हाय, साहेब. पन घरात थांबनं शक्य नव्हतं."

हे मला मामांना सांगावं लागलं. ते टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "पंगतीत आखरीले बसनाऱ्याले पाहा, पातेलं खरवडून वाढतात. माह्यापर्यंत येतायेता देवाजवळचं सरलं असंल." मामा हे विनोदानं म्हणत नव्हते. मीच त्यांना शोधायला लावलं होतं.

आमच्या मंडळीत राहेलआजी म्हणून एक म्हातारी होती. कित्येक वर्षांपासून तिला ऐकू येत नव्हतं. तरी ती एकही रविवार चुकवत नसे. सर्वांत पुढे सतरंजीवर बसायची, माझ्या ओठांकडे बघायची आणि अधूनमधून मान हलवायची. ती चुकीच्या जागी मान हलवते हे मला दिसत असे. त्यावर काही करता येईल असं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

एका रविवारी गाडी फारच उशिरा आली. मामा आले तेव्हा राहेलआजीच्या शेजारीच तेवढी जागा उरली होती. मी उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे बापाची मालमत्ता उडवून घरी परतणाऱ्या मुलाच्या गोष्टीवर बोलत होतो. आजीनं मामांना कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "काय म्हनून राह्यले पाळक?"

मामा तिच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मतानं कुजबुजले, "म्हनतात, पोरगं दुरून दिसलं अन् बाप पयत सुटला."

आजीचे डोळे मोठे झाले. "पयत? एवढा मातारा मानूस?"

"हो ना! पायात चप्पलबी नाई घातली!"

चपलेचं मी काही बोललो नव्हतो. पण आजीनं पदर डोळ्यांना लावला होता. मागे बसलेल्या बायकांपैकी एक-दोघींनीही लावला. इतकी वर्षं मी आणि माझ्याआधीचे पाळक बोलत होतो, आणि त्या बाईच्या कानात पहिलं वाक्य गेलं ते त्या दिवशी.

तेव्हापासून मामांची जागा ठरली. मी एक वाक्य बोलायचं, मग मामा ते आजीला सांगणार. मी म्हणालो, "परमेश्वराच्या अगाध कृपेची व्याप्ती मानवी बुद्धीच्या कक्षेपलीकडची आहे." मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग आजीला म्हणाले, "म्हनतात, देव लय चांगला हाय. कितीक, ते यायलेबी समजलं नाई." कधी वाक्य लांबलं तर हात वर करत, "थांबा साहेब, एवढं एका डावात नाई धरत." आणि एकदा तर आजीला, "हे त्यायनं मांगच्या रविवारी सांगतलं होतं, तुमी आराम करा."

लोक हसत, पण ऐकत. आणि तिथेच माझ्या पोटात दुखू लागलं. रिठदहून येणारे दोन भाऊ एकदा दारात बोलताना मी ऐकले. धाकटा म्हणत होता, "आता बरं समजते. पाळकाचं बोलनं होऊ द्याचं, मंग मामाचं आयकाचं." मी त्या आठवड्यात मामांना बोलावलं आणि उपासनेची शिस्त या विषयावर त्यांना बरंच काही सुनावलं. यापुढे मागे बसावं आणि शांत राहावं, असं सांगितलं.

ते वाद घालतील म्हणून मी तयारी करून ठेवली होती. मामा फक्त "बरं, साहेब" म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये छान शांतता होती. मी मोठमोठी वाक्यं बोलत होतो. राहेलआजीनं तीनदा मागे वळून पाहिलं. मग तिनं काठी घेतली, उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत मागच्या भिंतीपाशी गेली आणि मामांच्या शेजारी बसली.

"सांग," ती म्हणाली.

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे दाखवलं.

"काहून? तुलेबी आयकू येनं बंद झालं का?"

कुणीही हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी पुढची वाक्यं हातातल्या कागदावर नीट लिहिलेली होती, पण मला त्यांतलं एकही वाचवेना. त्या म्हातारीला मीच दुसऱ्यांदा बहिरं केलं होतं, तेही शिस्तीच्या नावाखाली.

"मामा, त्यांना सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू, साहेब?"

"सांगा, पाळकाचं चुकलं."

मामांनी एकदा माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग छपराचे पत्रे हादरतील अशा आवाजात आजीच्या कानात म्हणाले, "म्हनतात, पाळकाचं चुकलं!"

आजीनं मान हलवली. या वेळी बरोबर जागी. "आज कुठं कामाचं बोलला," ती म्हणाली.

उपासनेनंतर मामा माझ्याजवळ आले. "सापडलं म्हना मंग?" मी म्हटलं, "सापडलं, मामा." त्यांनी माझा हात इतक्या जोरात दाबला की त्या दिवशी आशीर्वाद मी डाव्या हातानं दिले.

चारएक वर्षं हे असं चाललं. मग मामांची बदली झाली, लाइनीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांना निरोप द्यायला मी जऊळक्याला गेलो. मामी ट्रंकेवर बसून टोपलीतल्या कोंबड्या सांभाळत होत्या. मामा स्वतःच्या बदलीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"साहेब, आजीचं कसं करान?"

"मी बघेन."

"उजव्या कानात बोला, डावा पुरा गेला. प्रभूचं नाव आलं का वाईच थांबा, थे हात जोडते. अन् वाईट काई सांगाचं असंल तं आधी चांगलं सांगा, नाई तं थे पुढचं आयकतच नाई."

गाडी हलली. मामा दारात उभे राहून आणखी काहीतरी ओरडत होते. एरवी इंजिनाच्या वर चढणारा तो आवाज त्या दिवशी मध्येच फुटला, आणि मला शब्द कळले नाहीत. मामांचं बोलणं ऐकू न आल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

त्यानंतरच्या रविवारी मी पुढच्या मेजापाशी उभा राहिलो नाही. खाली उतरलो, राहेलआजीच्या उजव्या बाजूला सतरंजीवर बसलो आणि तिच्या कानात ओरडून उपदेश करू लागलो. माझी वऱ्हाडी अडखळत होती. दहा मिनिटांत घसा बसला. तरी प्रभूच्या नावापाशी थांबलो, आणि आजीनं हात जोडले.

संपल्यावर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आवाज लहान हाय तुमचा," ती म्हणाली. "पन शिकान तुमी."