फ्रेंच ड्रेसर आणि माझी साफसफाई

माझं डोकं तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून. तीस वर्षं सोलापूरच्या एमआयडीसीत चादरींच्या नक्ष्या काढल्या. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून मोर, वेली, कोयऱ्या. एक चौकोन चुकला तर मागावर मोराची मान वाकडी निघते. त्यामुळे माझी नजर चुकत नाही असा माझा पक्का समज, आणि चूक झालीच तर ती दुसऱ्याची.

लेकीनं पुण्यात जुन्या फर्निचरचं दुकान काढलं तेव्हा मी खूप कडाकडा बोलले. चांगली नोकरी सोडून जुनी लाकडं विकायची? सहा महिने झाले, दुकानात मोठं असं काही विकलं गेलं नव्हतं. शेवटी तिनंच ठरवलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर कुलूप लावून परत नोकरी. आणि नेमकं तेव्हाच एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, खरा जुना फ्रेंच ड्रेसर मिळवून द्या, घेते. ड्रेसर म्हणजे खाली दारं, मधे ड्रॉवर आणि वर ताटल्या मांडायला उघड्या फळ्या, असं कपाट.

सोलापुरात कुठल्याशा जुन्या साहेबाचा बंगला रिकामा झाला होता आणि तिथलं सामान एका भंगारवाल्या चाचांकडे आलं होतं. लेक म्हणाली, "आई, तू जाऊन बघ. मी फोनवर सांगते काय काय बघायचं ते."

गेले. पत्र्यांच्या आणि कुलरच्या सांगाड्यांच्या मागं ते उभं होतं, धुळीनं माखलेलं. चाचांना विचारलं, "फ्रान्सचं आहे का हो?"

"बाई, फ्रान्सचं हाय की बार्शीचं, मला काय म्हाईत? लाकूड लई भारी हाय, एवढं सांगतो."

मला त्यांचा हा खरेपणा फार आवडला. फोनवर लेक एकेक सांगत होती. ड्रॉवर बाहेर काढ. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत बसवलेत का? ते सगळे एकसारखे आहेत का? म्हटलं, छे, एक जाड, एक बारीक, करणाऱ्याचा हात भलताच घाईत होता. "वा! म्हणजे हातानं कापलेत. आता तळ बघ, घासून झिजलाय का? पाठीची फळी खरखरीत आहे का?" सगळं व्हय व्हय निघत गेलं. मी चाचांसमोरच ओरडले, "अगं, हेच की गं ते!" मग भावात घासाघीस कसली करता येणार! आपल्याच पायावर धोंडा. पण कपाट टेम्पोत चढलं.

आता खरा प्रकार ऐका. बाहेरची जुनी वस्तू पाणी दाखवल्याशिवाय आमच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. कुणाकुणाचे हात लागलेले, उंदीर फिरलेले. मी पदर खोचला, अंगणात बादली आणली, साबण, काथ्या, सगळं. घासून घासून लख्ख केलं. पाठीच्या फळीवर तळहाताएवढा पिवळट कागद चिकटलेला होता. कडेनं सुरेख द्राक्षवेल, मधे तीन ओळी. सवयीनं मी वेल दोनदा न्याहाळली. वळण छान होतं. मग उलथनं घेतलं आणि कागद खरवडून काढला.

संध्याकाळी फोन. "आई, मागं काही कागद, शिक्का?"

"होता की."

"होता म्हणजे?"

"धुताना गेला. चिकटून बसला होता मेला, किती जोर लावला माहितीये?"

ती बारीक स्वरात म्हणाली, "आई, तो कपाट करणाऱ्याच्या नावगावाचा कागद होता. डॉक्टरीणबाईंना तोच पुरावा हवाय."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, पोरगी बिचारी काय बोलणार. फोन ठेवला आणि बाहेर आले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्याच अंगणात निथळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राफ पेपर काढला आणि आठवून आठवून तो कागद उतरवला. वेल पूर्ण जमली. ती वळणदार परकी अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण आकार डोळ्यांत होते. दोन ओळी आल्या, तिसरी अर्धीच. रविवारी लेक आली. तिनं बघितलं आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "आई, हे पॅरिस आहे!"

मला एकदम जोर चढला. म्हटलं, "हाच साध्या कागदावर काढते, चहाच्या पाण्यात बुडवते, वाळवून चिकटवू मागं. कुणाच्या बापाला कळतंय?"

ती हसली नाही. "नको आई. एकदा खोटं चिकटवलं, की दुकानातलं सगळंच खोटं." तिनं मला असं कधी सुनावलं नव्हतं. राग आला, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

ड्रेसरबरोबर मीही पुण्याला गेले. डॉक्टरीणबाई आल्या, फिरून फिरून बघितलं, मागं वाकल्या आणि म्हणाल्या, "लेबल?"

"होतं," लेक म्हणाली, "पण ते... पाणी लागलं आणि..."

ती मला झाकत होती. माझ्या लेकीनं माझ्यासाठी गिऱ्हाइकासमोर चाचरावं, हे मला बघवेना.

"पाणी लागलं नाही," मी म्हणाले. "मी धुतलं. उलथन्यानं खरवडलं. हिचा काही दोष नाही, चुकलं माझं." आणि पर्समधला ग्राफ पेपर पुढे केला. "असं होतं. आठवून काढलंय. पुरावा नाही हा, मला कळतं."

बाईंनी कागद बघितला. मग एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या दातांवरून हळूच बोट फिरवलं.

"माझी आई असती," त्या म्हणाल्या, "तर तिनं दोनदा धुतलं असतं. कधी पाठवताय?"

त्या गेल्यावर लेकीनं दार लावलं, त्याला पाठ टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघतच बसली. म्हटलं, आता रडते की काय.

"आई," ती म्हणाली, "ते मघाचं परत म्हण ना."

"काय?"

"चुकलं माझं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी."