खो-खोच्या टीमसाठी घेतलेली रिटेस्ट

"तीन मार्क वाढवा मॅडम, जास्त मागत न्हाय," गायकवाड सर स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाले. ते आमचे पी.टी.चे शिक्षक. मी नववीचे गणिताचे पेपर तपासत होते आणि त्यांची नजर नेमकी अंबिकाच्या पेपरावर होती. वीसपैकी चार.

"सर, मार्क म्हणजे कोथिंबीर नाही, भाजीवर फुकट टाकायला."

"अंबिका नसली तर टीम नेऊन काय उपयोग? बसच्या तिकिटाला पैसे घालायचे नुसते."

आमची शाळा भवानी पेठेच्या बाजूला आहे. दोन-तीन धडे शिकवून झाले की वीस मार्कांची छोटी परीक्षा होते, तिला घटक चाचणी म्हणतात. पास व्हायला सात लागतात. हेडसरांचा नियम असा, की चाचणीत एका जरी विषयात नापास झालं तर बाहेरच्या स्पर्धेला जायचं नाही. गेल्या वर्षी अंबिका राखीव खेळाडू म्हणून जाऊन नुसती बसून आली होती. यंदा पहिल्यांदाच तिचा नऊ जणींत नंबर लागला होता. आणि मध्ये आलं माझं गणित.

प्रकरण हेडसरांच्या केबिनमध्ये गेलं. ते म्हणाले, "मार्क वाढवायचे नाहीत. रिटेस्ट घ्या."

माझं डोकंच फिरलं. "सर, एकदा रिटेस्ट मिळते म्हटल्यावर पहिल्या परीक्षेला अभ्यास कोण करणार? बोर्ड देतं का दुसरी संधी?"

"देतं की. जुलैमध्ये पुरवणी परीक्षा कोण घेतं मग?"

हेडसर पुढे म्हणाले, "भीती मलाही तीच आहे. पण घेऊन बघू. फक्त एकटीची नको, सगळ्यांना खुली ठेवा. नाहीतर उद्या पालक इथं येऊन बसतील."

मी वर्गात सांगितलं, शुक्रवारी शाळा सुटल्यावर रिटेस्ट, ज्यांना द्यायचीय त्यांनी थांबा. नवा पेपर काढला, झेरॉक्स आणल्या. शुक्रवारी वर्गात गेले तर पहिले तीन बाक भरलेले. कोण होत्या? सतरावाल्या, अठरावाल्या. एकीला तर एकोणीस होते!

"तू कशाला आलीस गं?"

"आई म्हणाली, वीस आण."

नापासांपैकी एकही नाही. ज्यांच्यासाठी लग्न काढलं ते घरी आणि वऱ्हाडी जेवायला हजर! मी त्या हुशार मुलींना पेपर दिले, शेजारच्या वर्गातल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि तणतणत मैदानावर गेले. अंबिका दोन खांबांच्या मधून सापासारखी वळत पळत होती. मी हाक मारली, तशी धापा टाकत आली.

"रिटेस्ट कुणासाठी ठेवलीय? आम्ही काय तुझ्या मागं मागं पेपर घेऊन फिरायचं?"

ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, येऊन काय लिहू? कुठं चुकलं तेच कळलं न्हाय. पुन्हा चारच पडतील की."

"मग विचारायचं नाही?"

"खो-खोत पहिला डाव झाला की सर मधी जवळ बोलावतात. कोण कुठं चुकलं, ते सांगतात. मग दुसरा डाव. तुमी तर डायरेक्ट दुसरा डावच लावला."

गायकवाड सर शिट्टी तोंडात धरून दुसरीकडे बघत होते. हसत होते, हे पाठमोरे असूनही कळत होतं. मला राग यायला हवा होता, पण पोरगी खरं बोलत होती आणि मला ती एकदम आवडून गेली.

सोमवारपासून पी.टी.च्या तासाला मैदानाच्या पायऱ्यांवर माझा वर्ग भरू लागला. नापास झालेल्या सगळ्याजणी आपापला पेपर घेऊन बसायच्या. गणित मी सोडवायचं नाही, आपली चूक आपणच शोधून मला सांगायची. अंबिकाची एकच चूक चार ठिकाणी होती. कंसाबाहेर वजा असला की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. ती पहिल्याचंच बदलायची आणि पुढे जायची.

"बाहेर वजा दिसला की आतले सगळे उठले पाहिजेत," मी म्हटलं.

"सगळे? खो-खोत असं केलं तर फाऊल होतो मॅडम."

"हे गणित आहे बाई!"

पायऱ्यांवर हसू फुटलं, पण चूक परत झाली नाही.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा नवा पेपर काढला. अंबिकाला अकरा मिळाले. मी ते दोनदा मोजले, कारण मलाच खात्री पटेना. गायकवाड सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. टीम जिल्ह्यात दुसरी आली. अंबिका शेवटच्या डावात इतका वेळ पळाली की समोरच्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आणि दोन दिवस वर्गात फक्त फळ्यावर लिहून शिकवलं.

पुढच्या घटक चाचणीत तिला पहिल्याच वेळी बारा मिळाले. मला भरून आलं. वाटलं, पोरीला गणिताची गोडी लागली. बोलावून पाठ थोपटली.

ती म्हणाली, "तसं न्हाय मॅडम. रिटेस्ट प्रॅक्टिसच्या टायमाला असती. प्रॅक्टिस बुडवून कोण येणार?"

रिटेस्ट द्यावी की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही वाद होतात. मी म्हणते, जरूर द्या. आधी चूक समजावून सांगा, आणि वेळ मात्र खेळाच्या प्रॅक्टिसचीच ठेवा.